मटणाला जीआय टॅग मिळतो म्हणजे नेमकं काय मिळतं?

2018 साली मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथला जीआय मिळाला तेव्हा व्हॉट्सॲपवर कायकाय फिरत होतं, कुणी म्हणे आता कडकनाथ कोंबडी झाबुआच्या बाहेर कुणाला पाळताच येणार नाही, कुणी म्हणे सरकारने पेटंट घेतलं, कुणी म्हणे ही कोंबडी औषधी आहे यावर आता शिक्कामोर्तब झालं. यातलं एकही खरं नाही. पण हे समज अजून तसेच आहेत, पोल्ट्री करणाऱ्या लोकांमध्येसुद्धा, आणि त्यापायी लोकांचे पैसे गेलेत, म्हणून हे नीट सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आधी मूळ गोष्ट. जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन. हा हक्क नावावरचा असतो, वस्तूवरचा नाही. एखाद्या मालाचं नाव एका गावाशी किंवा भागाशी जोडलेलं आहे आणि त्या मालाचा दर्जा, चव किंवा निदान लौकिक त्या भागामुळे आहे हे दाखवता आलं की ते नाव त्या भागातल्या, ठरलेल्या पद्धतीने माल बनवणाऱ्या सगळ्यांचं होतं आणि बाहेरच्याला ते वापरता येत नाही. पेटंट एका माणसाचं किंवा कंपनीचं असतं आणि वीस वर्षांनी संपतं. ट्रेडमार्क विकता येतो, गहाण ठेवता येतो. जीआय विकता येत नाही आणि गहाणही टाकता येत नाही, दर दहा वर्षांनी रिन्यू केला की चालू राहतो. आपल्याकडचा कायदा 1999 चा, लागू झाला सप्टेंबर 2003 पासून, आणि रजिस्ट्री चेन्नईला आहे.

आता कडकनाथचं रजिस्टरमधलं नाव बघा: ‘झाबुआ कडकनाथ ब्लॅक चिकन मीट’. नोंद मांसाच्या वर्गात आहे. म्हणजे जिवंत पक्ष्यावर, त्याच्या जातीवर, पिल्लांवर, अंड्यांवर कुणाचा हक्क झालेला नाही. तुम्ही साताऱ्यात किंवा जालन्यात कडकनाथ पाळा, कुणी अडवणार नाही. फक्त त्या चिकनवर ‘झाबुआ कडकनाथ’ असं लिहून विकता येणार नाही. एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि एवढ्याशा गोष्टीसाठी झाबुआच्या ग्रामीण विकास ट्रस्टने 2012 मध्ये अर्ज करून सहा वर्षं वाट बघितली, मधे छत्तीसगडमधून दंतेवाड्याच्या बाजूनेही दावा आला आणि दोन राज्यांत कडकनाथ कुणाचा यावर बराच वाद झाला.

मांसाच्या बाबतीत हे सगळं जास्त किचकट का होतं ते समजलं की पुढचं सोपं आहे. हापूसचं झाड जागचं हलत नाही, त्यामुळे रत्नागिरीचा आंबा रत्नागिरीचा म्हणजे काय हे सांगायला फार कष्ट पडत नाहीत. जनावर मात्र एका ठिकाणी जन्मतं, दुसरीकडे वाढतं, तिसरीकडे कापलं जातं, चौथीकडे त्याला मीठ लागतं किंवा ते शिजतं, पाचवीकडे त्याचे काप करून पाकिटात भरतात. यातली कुठली पायरी त्या गावात झाली की नाव लावायचं? मांसाच्या जीआयमधली जवळपास सगळी भांडणं या एका प्रश्नावरची आहेत.

युरोपने 1992 मध्ये यावर एक व्यवस्था बसवली. दोन मुख्य प्रकार केले. पीडीओ हा कडक प्रकार, सगळ्या पायऱ्या त्याच भागात व्हायला हव्यात, जरी कच्च्या मालाबद्दल काही जुन्या उत्पादनांना थोडी मोकळीक असली तरी. पीजीआय हा जरा सैल, एक तरी महत्त्वाची पायरी तिथे व्हायला हवी आणि नावाचा लौकिक त्या भागाशी जोडलेला हवा. तिसरा एक टीएसजी म्हणून आहे, तो फक्त पारंपरिक पद्धत सांभाळतो, गावाशी त्याचा संबंध नाही, तो इथे सोडून देऊ.

पीडीओ समजून घ्यायला इटलीतलं पार्मा हॅम घ्यावं. हे म्हणजे डुकराची मागची अख्खी तंगडी, मिठात मुरवून वर्षभराहून जास्त वाऱ्यावर सुकवलेली, न शिजवता पातळ काप करून खातात. घटक दोनच, मांस आणि समुद्राचं मीठ. नायट्रेट नाही, धूर नाही, मसाला नाही. मीठ लावणारा कारागीर वेगळा असतो आणि त्याचं काम बघण्यासारखं असतं, कातडीच्या बाजूला ओलं मीठ, उघड्या मांसाला कोरडं मीठ, आणि किती लावायचं ते तंगडीच्या वजनावर. मीठ कमी पडलं तर मांस खराब होणार, जास्त झालं तर गोडसर चव मरणार. नंतर मांसाचा जो भाग उघडा असतो त्याला डुकराच्या चरबीचा लेप देतात म्हणजे बाहेरचं आतल्याच्या फार आधी सुकत नाही आणि वरचा थर कडक होत नाही.

शेवटची तपासणी तर मला फार आवडते. घोड्याच्या हाडाची एक बारीक सुई असते, तपासणारा ती तंगडीत ठरलेल्या पाच ठिकाणी खुपसतो, काढून लगेच नाकाला लावतो. घोड्याचंच हाड का, तर ते सच्छिद्र असतं, वास पटकन धरतं आणि तेवढ्याच पटकन सोडतं, त्यामुळे पुढच्या टोचणीला आधीचा वास मिसळत नाही. हा वास पास झाला, बाकीची कागदपत्रं जुळली, की तापलेल्या लोखंडाने पाच टोकांच्या मुकुटाचा शिक्का कातडीवर डागतात. हा शिक्का नसेल तर ते पार्मा हॅम नाही, मग ते त्याच गल्लीत बनलेलं का असेना.

पण आता नियम बघा. मुरवायचं काम कुठे, तर पार्मा प्रांतात, व्हिया एमिलिया या जुन्या रोमन रस्त्याच्या दक्षिणेला किमान 5 किलोमीटर, पूर्वेला एन्झा नदी, पश्चिमेला स्टिरोने नदी आणि उंची 900 मीटरपर्यंत. इतकं नेमकं. डोंगरावरून येणारा कोरडा वारा याच पट्ट्यात मिळतो असं त्यांचं म्हणणं. पण डुकरं? ती पार्माची असायची गरज नाही, इटलीच्या उत्तर आणि मध्य भागातल्या दहा प्रदेशांतून येतात, अट एवढीच की ठरलेल्या जातींची हवीत, किमान नऊ महिन्यांची हवीत आणि वजन ठरलेल्या मर्यादेत हवं. त्यांच्या खाण्यात पार्मिजानो चीज बनवून उरलेलं पाणी असतं, म्हणजे एका जीआयचा उरलेला माल दुसऱ्या जीआयच्या पोटात जातो. तर सगळ्यात कडक म्हणवल्या जाणाऱ्या प्रकारातसुद्धा जनावरासाठी एक रेष आणि मुरवण्यासाठी दुसरी, अशा दोन रेषा आहेत, आणि दोन्ही लोकांनी बसून, वाद घालून ठरवलेल्या आहेत, निसर्गाने आखून दिलेल्या नाहीत.

तिसरी रेष कापाकापीवरची, आणि त्यावर मोठी केस झाली. इंग्लंडमधलं अॅस्डा सुपरमार्केट खरं, शिक्का असलेलं पार्मा हॅमच विकत होतं, फक्त त्याचे काप आणि पॅकिंग इंग्लंडमध्ये होत होतं. पार्माचे उत्पादक म्हणाले की काप आमच्या भागातच, आमच्या नजरेसमोर व्हायला हवेत, कारण एकदा काप झाले की शिक्का दिसत नाही, मग पाकिटात काय आहे हे कुणाला कळणार. प्रकरण युरोपियन कोर्टात गेलं, मे 2003 मध्ये निकाल लागला. कोर्ट म्हणालं तुमची अट रास्त आहे, अशी अट घालता येते, पण ती अट बाहेरच्या लोकांना कळेल अशी नीट प्रसिद्ध केलेली नव्हती, म्हणून अॅस्डावर लादता येणार नाही. म्हणजे मुद्दा जिंकले आणि ती केस हरले. यातून कळतं की नियम तुमच्या मनात किंवा तुमच्या संघाच्या वहीत असून भागत नाही, तो जाहीर कागदावर हवा.

कॅनडातलं तर अजून विचित्र. तिथे ‘पार्मा’ हे नाव एका स्थानिक मांस कंपनीने 1971 पासून ट्रेडमार्क करून ठेवलेलं, त्यामुळे खऱ्या पार्माच्या लोकांना स्वतःच्या गावाचं नाव न लावता ‘द ओरिजिनल प्रोशुट्टो’ म्हणून माल विकावा लागला, कितीतरी वर्षं. 2017 मध्ये युरोप-कॅनडा व्यापार करार लागू झाला तेव्हा कुठे दोन्ही नावं शेजारी शेजारी चालतील अशी तडजोड झाली. जीआय हा त्या त्या देशाच्या कायद्याखाली मिळतो, एका देशात मिळाला म्हणजे जगभर झाला असं नाही, आपल्याकडे बातम्यांमध्ये ‘जागतिक मान्यता’ असं बिनदिक्कत छापतात ते बरोबर नाही.

आता सैल प्रकार, पीजीआय. इंग्लंडमध्ये लेस्टरशरमधलं मेल्टन मोब्रे नावाचं गाव पोर्क पायसाठी प्रसिद्ध आहे. पाय म्हणजे कणकेच्या जाड पारीत डुकराचं मांस भरून भाजलेला, आत जेलीचा थर, आणि थंडच खातात. तिथेही गोष्ट चीजपाशीच सुरू होते, त्या भागात स्टिल्टन चीज बनायचं, उरलेलं पाणी डुकरांना जायचं, म्हणून डुकरं भरपूर. मेल्टनच्या पायची खूण अशी की मांस न मुरवलेलं, ताजं असतं, त्यामुळे भाजल्यावर आतून करड्या रंगाचं दिसतं, गुलाबी नाही, आणि साच्याशिवाय भाजतात म्हणून बाजू जराशा फुगून बाहेर आलेल्या असतात. गुलाबी आणि सरळ उभ्या भिंतीचा पाय दिसला की तो मेल्टनचा नाही हे जाणकाराला लांबूनच कळतं.

तिथल्या उत्पादकांनी 1998 मध्ये संघ काढला आणि संरक्षणासाठी अर्ज केला. नॉर्दर्न फूड्स नावाची मोठी कंपनी दूर विल्टशरमध्ये आणि श्रॉपशरमध्ये मेल्टन मोब्रे नावाने पाय बनवत होती, ती कोर्टात गेली. त्यांचा मुद्दा दुर्लक्ष करण्यासारखा नव्हता. संघाने अर्जात जो भाग आखला होता तो एका गावापुरता नव्हता, आसपासचे बरेच तालुके त्यात धरले होते, मग एवढा मोठा पट्टा चालतो तर आम्हीच का नको? डिसेंबर 2005 मध्ये हायकोर्टाने संघाच्या बाजूने निकाल दिला, कंपनी अपिलात गेली, प्रश्न युरोपियन कोर्टाकडे पाठवायचं ठरलं आणि मग कंपनीनेच माघार घेतली. पुढे संरक्षण मिळालं. आणि लक्षात घ्या, या पायमधलं मांस कुठलंही चालतं, पाय त्या भागात बनायला हवा, एवढीच भौगोलिक अट. ज्यांना वाटतं की जीआय म्हणजे जनावरही तिथलंच, त्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावं.

त्याच देशातल्या दोन सॉसेजची जोडी मला सगळ्यात जास्त शिकवणारी वाटते. कंबर्लंड सॉसेज, लांबलचक, वेटोळं घातलेलं, मिरीचा तिखटपणा असलेलं. शेकडो कंपन्या देशभर बनवत होत्या, म्हणजे नाव जवळपास सगळ्यांचं झालेलं. तरी 2011 मध्ये त्यांना पीजीआय मिळालं, कसं, तर त्यांनी ‘ट्रॅडिशनल कंबर्लंड सॉसेज’ असं पूर्ण नाव नोंदवलं, कंब्रियामध्येच (जुनं कंबर्लंड आता याच भागात येतं) बनलेलं, किमान 80 टक्के मांस, जाडी किमान 20 मिलिमीटर, वेटोळ्यातच विकायचं. नुसतं ‘कंबर्लंड सॉसेज’ म्हणून आजही कुणीही कुठेही बनवू शकतं. पूर्वेकडच्या लिंकनशरचं सॉसेज, सेजच्या पाल्याचा वास असलेलं, तितकंच जुनं, तितकंच लोकांचं लाडकं, पण त्यांचा अर्ज ब्रिटिश सरकारनेच 2012 मध्ये नाकारला, कारण तोवर ते नाव देशभर वेगवेगळ्या रेसिपीच्या सॉसेजना लागत होतं आणि एका भागाशी धागा जोडता येईना. उशीर झाला की असं होतं. नाव फार लोकप्रिय होणं हे नावाच्या मालकांच्या विरोधातच जातं, कायद्यात याला जेनेरिक होणं म्हणतात, आपल्या कायद्यातही जेनेरिक नावाची नोंदणी होत नाही.

अजून एक गोष्ट जी फारशी कुणी सांगत नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारात, म्हणजे बौद्धिक संपदेच्या करारात, जीआयला दोन पातळ्यांचं संरक्षण आहे. वाइन आणि मद्याला वरची पातळी, म्हणजे ‘शॅम्पेनसारखी’, ‘शॅम्पेन स्टाइल’ असंही लिहिता येत नाही, ग्राहक फसो वा न फसो. बाकी सगळ्याला, चहा, तांदूळ, चीज, मांस, यांना खालची पातळी, इथे ग्राहकाची दिशाभूल होते हे दाखवावं लागतं. म्हणजे गोव्याच्या फेणीला या करारात जे कवच मिळतं ते कुठल्याही मटणाच्या पदार्थाला मिळत नाही. भारताने आणि इतर बऱ्याच देशांनी हा भेद काढायची मागणी केली आहे, ती अजून लटकलेली आहे. मला हा भेद सरळ अन्यायाचा वाटतो, दारू बनवणाऱ्याच्या गावाला जास्त किंमत आणि मांस शिजवणाऱ्याच्या गावाला कमी, याला कारण फक्त वाटाघाटीत कुणाचा जोर होता एवढंच.

भारतात मांसाच्या पदार्थाला पहिला जीआय 2010 मध्ये मिळाला, हैदराबादी हलीमला. इथे जनावराचा किंवा जातीचा प्रश्न नाही, पद्धतीचा आहे. अर्जात लिहिलंय की मटण बकऱ्याचं, मांस आणि गव्हाचं प्रमाण 10 ला 4, तूप शुद्ध, आणि तांब्याच्या देगमध्ये म्हणजे मोठ्या हंड्यात, विटा-मातीच्या भट्टीवर, लाकडाच्या आचेवर बारा तास शिजवलेलं. रमजानमध्ये हैदराबादला गेलेल्यांनी पाहिलं असेल, दोघंतिघं माणसं लांब दांड्याच्या लाकडी घोटण्याने ते तासन्‌तास घोटत असतात, गहू आणि मांस वेगळं ओळखू येणार नाही इतकं एकजीव होईपर्यंत. आता हे प्रमाण कागदावर आल्याने एक गोष्ट झाली, कुणी मांस कमी करून गहू वाढवला आणि वर ‘हैदराबादी हलीम’ लिहिलं तर बोट ठेवायला जागा झाली. कायद्याप्रमाणे खोटा जीआय लावून विकणं हा गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. पण तक्रार करणार कोण आणि तपासणार कोण? पार्मासारखी सुई घेऊन फिरणारी माणसं आपल्याकडे नाहीत, आणि दुखणं नेमकं इथे आहे. आपल्याकडे टॅग मिळाला की सत्कार होतो, फोटो येतात, आणि पुढचं काम, म्हणजे रोजची तपासणी, तिला ना माणूस ना पैसा.

अर्थात तपासणारे असले तरी सगळं आलबेल असतं असंही नाही. पार्मामध्येच 2017 च्या सुमारास उघड झालं की काही शेतकऱ्यांनी डॅनिश ड्युरॉक या न चालणाऱ्या जातीचं बीज वापरून डुकरं वाढवली, ती पटकन वाढतात म्हणून, आणि त्यांच्या तंगड्या मुरवणीत गेल्या. मोठ्या प्रमाणात माल बाद करावा लागला, तपासणाऱ्या यंत्रणेवरही कारवाई झाली. पण पकडलं गेलं, कारण कुठल्या जातीचं बीज चालत नाही हे कागदावर स्पष्ट होतं.

कडकनाथकडे परत येतो, कारण याचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. या पक्ष्याचं मांस, हाडं, कातडी काळी असते ती जनुकातल्या एका बदलामुळे, काळा रंगद्रव्य शरीरभर पसरतो. अंडं मात्र काळं नसतं, फिकट बदामी असतं, ‘काळी अंडी’ म्हणून जे फोटो फिरतात ते खोटे. झाबुआ-अलिराजपूर भागात भिल्ल आणि भिलाला लोकांनी हा पक्षी परसात पाळून टिकवला. ब्रॉयलर दीड महिन्यात कापायला येतो, याला त्याच्या तिपटीने वेळ लागतो आणि वजन कमीच भरतं, म्हणून तो महाग. जीआयची बातमी आली, पाठोपाठ भाव वाढले, आणि 2019 मध्ये सांगली, कोल्हापूर, सातारा भागात कडकनाथच्या नावाने मोठी फसवणूक उघडकीला आली. पिल्लं घ्या, खाद्य आमच्याकडून घ्या, अंडी आणि पक्षी आम्हीच चढ्या भावाने परत घेऊ, असं सांगून शेतकऱ्यांकडून लाखो रुपये घेतले आणि परत खरेदी झालीच नाही. शेडमध्ये पक्षी, खाद्य संपलेलं, गिऱ्हाईक नाही. अशा लोकांना कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं की टॅग झाबुआच्या मांसाचा आहे, वाळवा तालुक्यातल्या शेडमधल्या अंड्याला त्याचा एक रुपयाही फायदा नाही, आणि भावाची हमी तर जीआय झाबुआवाल्यालाही देत नाही.

झाबुआच्या शेतकऱ्यालासुद्धा नुसतं तिथे राहून नाव वापरता येत नाही. आपल्या कायद्यात रजिस्टरचे दोन भाग आहेत, अ भागात ज्या संस्थेने जीआय घेतला ती, आणि ब भागात अधिकृत वापरकर्ते. प्रत्यक्ष बनवणाऱ्याने आपलं नाव ब भागात नोंदवावं लागतं. बऱ्याच जीआयमध्ये ब भागातली नावं फारच थोडी असतात, कारण गावातल्या माणसाला हा फॉर्म असतो हेच माहीत नसतं. कुठल्याही जीआयचं खरं वजन बघायचं असेल तर टॅगची तारीख बघू नका, ब भाग उघडून बघा.

आता आपल्या तांबड्या-पांढऱ्याबद्दल कायम विचारलं जातं, कोल्हापुरी मटणाला जीआय का नको. हवा असं मलाही वाटतं, पण मग वर जे आलं ते सगळे प्रश्न आपल्याला लागू होतात. बकरा कुठला, की मेल्टनसारखं कुठलाही चालेल? मसाला कांदा-लसूण चटणीचा, पण कुणाच्या घरचा, आणि मिरची कुठली? पांढऱ्यात काजू चालतील की फक्त खसखस, तीळ आणि नारळाचं दूध? हद्द शहराची, जिल्ह्याची, की निपाणीपर्यंत? आणि सगळ्यात अवघड म्हणजे देशभरच्या मेन्यूकार्डवर ‘कोल्हापुरी’ म्हणजे नुसतं तिखट असा अर्थ होऊन बसलाय, व्हेज कोल्हापुरी तर दिल्लीच्या ढाब्यावरही मिळतं. लिंकनशरचं जे झालं ते आपलं होऊ शकतं. त्यातून वाट कंबर्लंडचीच, म्हणजे नुसत्या ‘कोल्हापुरी’वर हक्क सांगायचा नाही, जोडून एखादं नेमकं नाव घ्यायचं आणि त्याच्या खाली घटक, भांडं, पद्धत, हद्द सगळं लिहून काढायचं. अर्ज आला की तो जीआय जर्नलमध्ये छापला जातो आणि तीन महिन्यांच्या आत कुणीही हरकत घेऊ शकतं. पहिली हरकत पुण्या-मुंबईच्या हॉटेलवाल्याची येईल असं मला वाटत नाही, ती कोल्हापुरातूनच येईल, पांढऱ्या रश्श्यात काजू घालणाऱ्या खानावळीकडून.